साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी आणि मोहित्यांच्या तीन लेकी

एका शिक्षिका ताईंनी विचारलं आहे. शाळेच्या भिंतीवर त्यांना छत्रपती घराण्याची वंशावळ रंगवायची आहे आणि मुलांच्या प्रश्नांनी त्या अडल्या आहेत. साताऱ्याचे आणि कोल्हापूरचे छत्रपती एकमेकांचे सख्खे की सावत्र? ताराबाई शाहूमहाराजांच्या कोण लागत होत्या? येसूबाईंनी स्वतःच्या मुलाला बाजूला ठेवून दिराला गादीवर का बसवलं? आणि शेवटचा प्रश्न साधाच, पण मला फार आवडला : तक्त्यात ताराबाईंचं नाव नक्की कोणत्या रांगेत लिहायचं?

थोडक्यात सांगायचं तर संभाजीराजे आणि राजाराम महाराज हे सावत्र भाऊ. संभाजीराजांचे पुत्र शाहू, त्यांची साताऱ्याची गादी. राजाराम महाराजांचे पुत्र शिवाजी आणि संभाजी, त्यांची कोल्हापूरची. म्हणजे दोन्ही गाद्या सावत्र चुलत्या-पुतण्यांच्या वंशातल्या, आणि ताराबाई शाहूंच्या चुलत्या, आपल्या बोलीत काकू. पण एवढं सांगून मुलांना काहीच कळणार नाही. भाऊबंदकी का पेटली हे या उत्तरात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी पंचवीसेक वर्षं मोडी कागद वाचतो आणि घराण्यांच्या वंशावळी मांडून देतो. लोक रुमाल, म्हणजे जुने कागद बांधलेलं कापड, सोडतात, आतून गुंडाळी काढतात, आणि तीत बाप, मुलगा, नातू अशी नावं एकाखाली एक उतरत जातात. बायकांच्या जागी नुसतं 'स्त्री १, स्त्री २'. अशी वंशावळ वतनाच्या दाव्यात उपयोगी पडते, कारण हिस्सा कोणाला हे तिच्यातून ठरतं. पण कोण कोणाच्या बाजूने उभा राहिला आणि का, हे तिच्यातून कधीच समजत नाही. ते समजतं सोयरिकीतून. म्हणून भोसल्यांची वंशावळ काढताना प्रत्येक राणीच्या नावाखाली तिचं माहेर लिहायचंच, हा माझा आग्रह आहे.

आता मोहिते घराणं घ्या. कराडजवळच्या तळबीडचे मोहिते. शहाजीराजांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाई या मोहित्यांच्या. त्यांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजे तंजावरच्या भोसल्यांचे मूळ पुरुष. तुकाबाईंचे भाऊ संभाजी मोहिते, यांच्या ताब्यातून शिवाजी महाराजांनी सुपे घेतलं होतं. याच संभाजी मोहित्यांची लेक सोयराबाई शिवाजी महाराजांना दिली, आणि त्यांचेच पुत्र हंबीरराव पुढे स्वराज्याचे सरनोबत, म्हणजे सेनापती झाले. हंबीररावांची लेक ताराबाई, जन्म १६७५ चा, ती राजाराम महाराजांना दिली. तीन पिढ्या, तीन लेकी. सोयराबाई ताराबाईंच्या आत्या आणि सासूही. राजाराम महाराजांचं लग्न मामाच्या मुलीशी झालं, आपल्याकडे आजही होतं तसंच. तुमच्या तक्त्यात ही एक तिरकी रेघ आली, तर मुलांना १६८० सालचं राजकारण अर्धं तिथेच समजेल.

कारण १६८० मध्ये कसोटी लागली ती याच नात्याची. ३ एप्रिलला रायगडावर महाराज गेले. थोरले पुत्र संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. त्याआधी ते मोगल सरदार दिलेरखानाकडे जाऊन परत आले होते आणि बापलेकांमधली कटुता पुरती निवळली नव्हती. गडावर सोयराबाई, १६७४ च्या राज्याभिषेकात महाराजांशेजारी बसलेल्या पट्टराणी. त्यांच्या मांडीवर दहा वर्षांचे राजाराम. अण्णाजी दत्तोंसारखे मुरलेले कारभारी त्यांच्या बाजूला. २१ एप्रिलला राजारामांचं मंचकारोहण झालं, म्हणजे त्यांना गादीवर बसवलं, आणि संभाजीराजांना धरायला कारभारी पन्हाळ्याकडे निघाले. आता सैन्य कोणाच्या हाती? हंबीररावांच्या. गादीवर बसलेला मुलगा त्यांचा सख्खा भाचा आणि राजमाता त्यांची बहीण. रक्ताचा हिशेब केला असता तर त्यांनी रायगडाची पाठ राखायला हवी होती. त्यांनी कारभाऱ्यांनाच कैद करून संभाजीराजांपुढे नेऊन उभं केलं. औरंगजेब दक्षिणेत उतरायच्या बेतात असताना दहा वर्षांच्या पोराच्या नावाने कारभाऱ्यांचं राज्य चालवणं त्या सेनापतीला परवडणारं वाटलं नसणार. १६८७ अखेरीस वाईजवळच्या लढाईत त्यांना वीरमरण आलं. माझ्या दृष्टीने १६८० चा तो एक निर्णय त्यांच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठा आहे.

सोयराबाईंबद्दलही दोन शब्द लिहितो, कारण त्यांना रंगमंचावर आणि पडद्यावर कपटी सावत्र आई म्हणून उभं करून आपण मोकळे झालो आहोत. आपला मुलगा गादीवर बसावा असं राजघराण्यातल्या कोणत्या आईला वाटलं नाही? त्या काळात थोरल्याच मुलाने राज्य घ्यावं असा लेखी कायदा नव्हता. वडीलपणाचा मान होता, पण वतनाची वाटणी सर्रास होत होती. खुद्द शिवाजी महाराजांच्या मनात दोन पुत्रांसाठी राज्याचे दोन भाग करण्याचा विचार येऊन गेला होता, असं जुन्या लिखाणावरून दिसतं. सोयराबाई हरल्या आणि १६८१ मध्ये संपल्या. हरलेल्या बाजूची कैफियत कोणी लिहून ठेवत नाही, एवढं लक्षात घेऊन त्यांच्याकडे पाहायला हवं.

शिर्क्यांची सोयरीक याहून गुंतागुंतीची. शृंगारपूरचे पिलाजीराव शिर्के. त्यांची मुलगी येसूबाई संभाजीराजांना आणि महाराजांची मुलगी राजकुंवर पिलाजीरावांच्या मुलाला, गणोजीला. याला आपण साटंलोटं म्हणतो. साट्यालोट्यात दोन्ही घरांच्या लेकी एकमेकांकडे असतात, म्हणून दोन्ही घरं एकमेकांना सांभाळून वागतात, अशी समजूत. इथे मात्र मध्ये वतन आलं. शिर्क्यांना दाभोळची देशमुखी हवी होती, वतनं देण्याविरुद्ध महाराजांचं धोरण होतं, आणि पुढे संभाजीराजांच्या काळात शिर्के मोगलांना जाऊन मिळाले. येसूबाईंचा नवरा छत्रपती आणि भाऊ शत्रूच्या छावणीत. संभाजीराजांना पकडून देण्याचा डाग गणोजींवर लावला जातो, त्याबद्दल अभ्यासकांत वाद आहे आणि मी त्यात निकाल देणार नाही. पण हेच गणोजी नंतर तामिळ मुलखातल्या जिंजी किल्ल्याच्या वेढ्यातून राजाराम महाराजांना बाहेर काढण्याच्या कामी आले, आणि त्या बदल्यात खंडो बल्लाळ चिटणिसांनी दाभोळचं आपलं वतन शिर्क्यांना सोडून दिलं, ही हकीकतही त्याच तक्त्यात बसते. राजाराम गणोजींचे मेहुणे होते. नातं होतं तेच राहिलं, फक्त वतनाचा काटा सरकला तशी माणसं सरकली.

फलटणच्या निंबाळकरांचा उल्लेख राहू नये. शहाजीराजांची आई उमाबाई निंबाळकरांची, शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी सईबाई निंबाळकरांच्याच. पुढे बजाजी निंबाळकरांना विजापूरकरांनी मुसलमान केलं, ते पुन्हा हिंदू धर्मात आले, आणि त्यांच्याशी रोटीबेटी ठेवायला समाज कचरू नये म्हणून महाराजांनी आपली मुलगी सखुबाई बजाजींच्या मुलाला, महादजीला दिली. पोटची मुलगी देऊन टाकलेलं हे उत्तर कोणत्याही फर्मानापेक्षा वजनदार होतं.

आता येसूबाईंचा प्रश्न. १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरला संभाजीराजे पकडले गेले. रायगडावर येसूबाई, त्यांचा सहा वर्षांचा मुलगा, आणि एकोणीस वर्षांचे दीर राजाराम. राजाराम आतापर्यंत गडावर नजरकैदेसारखेच राहिलेले. संभाजीराजांची हत्या ११ मार्चची, पण राजारामांचं मंचकारोहण त्याआधीच, १२ फेब्रुवारीला झालं. म्हणजे नवरा जिवंत आहे, शत्रूच्या हातात आहे, आणि पत्नी सावत्र दिराला पुढे करते आहे. जी सासू याच दिरासाठी येसूबाईंच्या नवऱ्याविरुद्ध उभी राहिली होती, तिच्याच मुलाला!

बखरींत आणि नाटकांत या प्रसंगाला लांबलचक संवाद आहेत. ते संवाद मी मुलांना खरे म्हणून सांगणार नाही. पण त्यामागची व्यवस्था कागदांत दिसते. राजारामांनी गडाबाहेर पडून फिरत राहायचं, येसूबाईंनी मुलाला घेऊन रायगड झुंजवायचा, म्हणजे राजघराणं एकाच वेढ्यात सापडणार नाही. एप्रिलमध्ये राजाराम रायगडावरून निघाले, प्रतापगड आणि पन्हाळा करत वर्षाअखेरीच्या सुमारास जिंजीला पोचले. रायगड नोव्हेंबरमध्ये पडला. येसूबाई आणि शाहू मोगलांच्या कैदेत गेले. आणि राजाराम महाराजांनी १६९७ मध्ये शंकराजी नारायण सचिवांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट म्हटलं आहे की राज्याचे खरे अधिकारी चिरंजीव शाहूच, देवाने त्यांना कधी देशी आणलं तर राज्य त्यांचंच, आपण करतो ते त्यांच्यासाठी. हे पत्र मी वर्गात दरवेळी वाचून दाखवतो. पुढचं सगळं भांडण या एका कबुलीभोवती फिरतं.

मोगल छावणीतल्या त्या कुटुंबाबद्दल शाळेत कोणी काही शिकवत नाही, म्हणून इथे थांबतो. ही एकट्या मायलेकांची कैद नव्हती. शिवाजी महाराजांच्या पत्नी सकवारबाई होत्या, संभाजीराजांचे दासीपुत्र मदनसिंग होते, चाकरमाणसं होती. औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा शाहूंवर माया करत असे, हे मराठी आणि फारसी दोन्ही बाजू सांगतात. शाहूंना मुसलमान करण्याचा विचार बादशहाने केला तेव्हा प्रतापराव गुजरांच्या मुलांनी त्यांच्या ऐवजी धर्म बदलला, अशी हकीकत आहे. आता सोयरीक बघा. प्रतापरावांची लेक जानकीबाई ही राजाराम महाराजांची पहिली पत्नी. म्हणजे जे पुढे आले ते शाहूंच्या काकूचे भाऊ. शाहूंची दोन लग्नं छावणीतच झाली. एक पत्नी कण्हेरखेडच्या शिंद्यांची सावित्रीबाई, दुसरी सिंदखेडच्या जाधवांची अंबिकाबाई. सिंदखेडचे जाधव म्हणजे जिजाऊंचं माहेर. पणजीच्या माहेराशी सोयरीक कैदेत राहूनही पुन्हा जुळली.

२ मार्च १७०० ला, काहींच्या मते ३ ला, राजाराम महाराज सिंहगडावर वारले. ताराबाई पंचवीस वर्षांच्या, त्यांचा मुलगा शिवाजी चार वर्षांचाही नाही. सवत राजसबाई, कागलच्या घाटग्यांची, तिचा मुलगा संभाजी दोन वर्षांचा. राजाराम महाराजांच्या आणखी एक पत्नी अंबिकाबाई सती गेल्या. ताराबाईंनी मुलाला गादीवर बसवलं आणि सात वर्षं औरंगजेबाला झुंजवलं. बादशहा एकेक गड घेत होता आणि मराठे मागून तो परत घेत होते, नर्मदेपलीकडे माळव्यात आणि गुजरातेत घुसत होते. त्या सात वर्षांबद्दल लिहायला स्वतंत्र जागा हवी. इथे एवढंच महत्त्वाचं की १७०७ साली औरंगजेब मेला तेव्हा राज्य उभं होतं, आणि ते ताराबाईंनी उभं ठेवलं होतं.

त्याच वर्षी मे महिन्यात औरंगजेबाचा मुलगा आझमशहाने शाहूंना सोडलं. येसूबाईंना ओलीस ठेवून घेतलं. पंचवीस वर्षांचे शाहू नर्मदा ओलांडून आले, आणि ताराबाईंनी जाहीर केलं की हा तोतया आहे, आणि खराही असला तरी संभाजीराजांनी घालवलेलं राज्य आमच्या यजमानांनी पुन्हा मिळवलं, ते आमच्या मुलाचं. बऱ्याच जणांना यात निव्वळ हाव दिसते. मला तसं वाटत नाही. ज्या बाईने सात वर्षं मोगलांशी झुंज दिली तिच्यासमोर मोगलांनीच सोडलेला, मोगल छावणीत वाढलेला माणूस येऊन उभा राहतो. आझमशहाचा हेतूच मराठ्यांत दुफळी पाडण्याचा होता, आणि ताराबाईंना तो नीट दिसत होता. पण त्यांच्या विरोधात गेलं ते नवऱ्याचंच मत. राजाराम महाराजांनी शाहूंचा हक्क मान्य केला होता हे जुन्या सरदारांना माहीत होतं. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमाकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले. १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळ्याच्या मुलखात आपल्या मुलाची वेगळी गादी मांडली. तीच कोल्हापूरची.

या वाटेवरचा एक प्रसंग तुमच्या तक्त्याच्या कडेला जरूर लिहा. साताऱ्याकडे येताना पारद गावाशी शाहूंना विरोध झाला आणि गावचा पाटील लोखंडे मारला गेला. त्याच्या बायकोने आपलं लेकरू शाहूंच्या पालखीत टाकलं. शाहूंनी त्याला आपलं मानलं, फत्तेसिंग नाव ठेवलं आणि भोसले आडनाव दिलं. अक्कलकोटचं संस्थान त्याचं. शाहूंची लाडकी उपपत्नी विरूबाई १७४० मध्ये गेली तेव्हा तिचे अंत्यसंस्कार फत्तेसिंगांनी मुलाच्या नात्याने केले. रक्ताचा काही संबंध नाही, तरी अक्कलकोटकर भोसले छत्रपतींच्या घरातलेच मानले गेले. उलट नागपूरकर भोसले आडनावाने आणि कुळीने भोसले खरे, पण शिवाजी महाराजांचे वंशज नव्हेत. इथे घोटाळा करणारे पुष्कळ भेटतात.

कोल्हापुरात पुढे काय झालं हे मुलांना सांगताना मला दरवेळी वाईट वाटतं. १७१४ मध्ये राजसबाईंनी रामचंद्रपंत अमात्यांच्या पाठबळावर डाव उलटवला. ताराबाई आणि त्यांचा मुलगा शिवाजी पन्हाळ्यावर कैदेत पडले, राजसबाईंचा संभाजी गादीवर बसला. औरंगजेबाला न सापडलेली बाई सवतीच्या कैदेत सोळा वर्षं राहिली. मुलगा तिथेच गेला.

याच काळात एक चांगली गोष्ट घडली. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून १७१९ मध्ये परतले ते येसूबाईंना घेऊनच. १६८९ ते १७१९. तीस वर्षांनी ती बाई आपल्या मुलखात आली. मुलाला शेवटचं पाहिलं त्यालाही बारा वर्षं झालेली. वंशावळीत हे कुठे लिहायचं मला सुचत नाही, पण त्यांच्या नावापुढे ही दोन सालं मी नेहमी लिहितो.

१७३० मध्ये शाहूंच्या फौजेने वारणेकाठी कोल्हापूरकर संभाजींच्या तळावर छापा घातला आणि त्यांचा सारा कबिला हाती आला. त्यात राजसबाई होत्या, संभाजींच्या पत्नी जिजाबाई होत्या आणि कैदी ताराबाईही होत्या. शाहूंनी बायकांना मानाने परत पाठवलं. ताराबाईंनी परत जायचं नाकारलं. कैदच नशिबी असेल तर ती पुतण्याच्या घरी बरी, असा त्यांचा हिशेब. ज्याला तोतया म्हटलं त्याच्याच घरी त्या साताऱ्यात राहिल्या आणि शाहूंनी त्यांना काकूच्या मानाने वागवलं. १३ एप्रिल १७३१ ला वारणेचा तह झाला, साधारण वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकरांचा आणि उत्तरेचा साताऱ्याचा. मी याला तह म्हणण्यापेक्षा वाटणीपत्र म्हणेन. आपल्या घराघरांतली भाऊबंदकी शेवटी जिथे येऊन थांबते तिथेच हीही थांबली, फक्त बांधाच्या जागी नदी होती.

शाहूंना वारसपुत्र राहिला नाही. कोल्हापूरचा संभाजी हा जवळचा चुलतभाऊ, आणि शाहूंच्या पत्नी सकवारबाईंचा कल तिकडेच होता. पण शाहूंनी स्वतःच्या हाताने दोन याद्या, म्हणजे आदेशाच्या चिठ्ठ्या, लिहून राज्याचा भार नानासाहेब पेशव्यांवर टाकला आणि कोल्हापूरकरांना आणू नये असं सुचवलं. तेव्हा ताराबाई पुढे आल्या. म्हणाल्या, माझ्या शिवाजीचा मुलगा जिवंत आहे, बापाच्या पश्चात जन्मला, राजसबाईच्या भीतीने त्याला लपवून वाढवला, बार्शीकडच्या पानगावला निंबाळकरांकडे दिलेल्या त्याच्या बहिणीने, दर्याबाईने. हेच रामराजा.

१५ डिसेंबर १७४९ ला शाहू गेले. जानेवारी १७५० मध्ये रामराजे गादीवर बसले. त्याआधी नागपूरकर रघूजी भोसल्यांनी अट घातली होती : ताराबाईंनी जातभाईंसमक्ष रामराजांसोबत एका पंगतीला जेवावं आणि अन्नावर हात ठेवून हा माझा नातू असं सांगावं. त्यांनी तसं केलं. वर्षही झालं नाही तोच बिनसलं. नातवाने आपल्या सांगण्यावरून कारभार करावा आणि पेशव्यांना दूर करावं ही ताराबाईंची अपेक्षा, आणि ते त्या मुलाला पेलणारं नव्हतं. २४ नोव्हेंबर १७५० ला, चंपाषष्ठीला, साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावून त्यांनी त्यालाच कैद केलं. पुढे १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेतली की हा माझा नातू नाही.

दोन शपथा, एक अन्नावर, एक देवासमोर. खरी कोणती? मला विचाराल तर पहिली. लपवलेल्या मुलाला वीसेक वर्षं बहिणीने सांभाळायचं, हे सगळं केवळ बनाव म्हणून इतक्या आधीपासून रचणं मला पटत नाही. दुसरी शपथ राजकारणात कोंडी झाल्यावरची आहे. दुर्दैव असं की ती शपथ रामराजांच्या कपाळावर कायमची बसली. खऱ्या शाहूंना तोतया म्हणणाऱ्या बाईने शेवटी स्वतःच्या रक्तालाही तेच म्हटलं, आणि छत्रपतींचं वजन उतरून पेशव्यांचं चढलं ते याच काही वर्षांत. ताराबाई ९ डिसेंबर १७६१ ला वारल्या, पानिपतानंतर अकरा महिन्यांनी. शिवाजी महाराज हयात असताना जन्मलेली ही बाई नानासाहेब पेशव्यांनंतरही काही महिने जगली. एका आयुष्यात अख्खी मराठेशाही मावली.

यापुढची वंशावळ मुख्यतः दत्तकांची आहे, तिथे वेळ घालवू नका. साताऱ्याला रामराजांनी वावीच्या भोसल्यांतला मुलगा दत्तक घेतला, ते दुसरे शाहू, त्यांचे पुत्र प्रतापसिंह आणि शहाजी. प्रतापसिंहांना इंग्रजांनी १८३९ मध्ये काढलं, १८४८ मध्ये शहाजी वारल्यावर गादीच खालसा केली. कोल्हापूरला संभाजी १७६० मध्ये गेले आणि जिजाबाईंनी खानवटच्या भोसल्यांतला मुलगा दत्तक आणून राज्य टिकवलं. पुढे १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव कोल्हापूरला दत्तक आले, तेच राजर्षी शाहूमहाराज. कागलचे घाटगे म्हणजे राजसबाईंचं माहेर, हे विसरू नका. मुलांना हटकून सांगा : साताऱ्याचे थोरले शाहू १६८२ ते १७४९, कोल्हापूरचे राजर्षी शाहू १८७४ ते १९२२. आरक्षण देणारे दुसरे, पेशव्यांना नेमणारे पहिले. दरवर्षी कोणीतरी दोघांची गल्लत करतं.

तंजावरची पाती तक्त्याच्या उजवीकडे काढा. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये सावत्र भाऊ व्यंकोजींकडे वडिलांच्या जहागिरीतला अर्धा वाटा मागितला, भेटीतून व्यंकोजी रातोरात निघून गेले, आणि शेवटी मिटलं ते व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंच्या समजूतदारपणाने. महाराजांनी बंगळूर भागाचं उत्पन्न भावजयीला चोळीबांगडीसाठी म्हणून दिलं. भावाला वाटा आणि भावजयीला माहेरच्यासारखी चोळीबांगडी, यात तो माणूस मला फार जवळचा वाटतो. शाळेची सहल कधी तंजावरला गेली, तर बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये मराठीत कोरलेलं भोसल्यांचं वंशचरित्र मुलांना दाखवा. वंशावळीचा इतका मोठा दगडी कागद दुसरीकडे मिळायचा नाही.

दोन सूचना कामाच्या. जुन्या कागदात 'मातुश्री' दिसलं की जन्मदातीच असं समजू नका. सावत्र आई, चुलती, आजी, कोणीही वडीलधारी बाई मातुश्री असते. 'थोरले कैलासवासी' असं आलं तर बहुतेक वेळा शिवाजी महाराज अभिप्रेत असतात, आणि 'नाटकशाळा' हा शब्द नाटकाच्या इमारतीसाठी नसून ठेवलेल्या स्त्रीसाठी आहे. दुसरी गोष्ट नावांची. गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला द्यायची रीत असल्यामुळे तीच नावं फिरून येतात. महाराजांनी थोरल्या मुलाचं नाव संभाजी ठेवलं ते कनकगिरीला पडलेल्या आपल्या थोरल्या भावाचं. म्हणून प्रत्येक नावाखाली बापाचं नाव, आईचं माहेर आणि साल, तिन्ही लिहा.

आता ताराबाई. राजाराम महाराजांच्या शेजारी, त्याच रांगेत, जानकीबाईंनंतर आणि राजसबाईंच्या आधी. खाली 'तळबीडकर मोहिते, हंबीररावांची लेक, १६७५-१७६१'. तिथून एक तुटक रेघ वर सोयराबाईंपर्यंत न्या आणि तीवर 'भाची' असं लिहा. सोयराबाईंपासून तशीच रेघ वर तुकाबाईंपर्यंत, तिथेही 'भाची'. या दोन रेघांना वेगळा रंग द्या, मुलं आपणहून विचारतील.